निळ्या भिंतीसमोरची खुर्ची

दालनाच्या दारात वायरी झाकायला टाकलेली रबराची पट्टी होती. चाकाच्या खुर्चीचं पुढचं चाक तिच्यावर अडखळलं, खुर्ची डगमगली, मोठ्या बहिणीने मागून "अगं अगं" करत दांडे घट्ट धरले, आणि खुर्ची पलीकडे उतरून स्थिर झाली तेव्हा समोरच्या भिंतीवरच्या बाईला चेहरा नव्हता. गळ्यापर्यंत सगळं जागच्या जागी होतं. निळ्या रेघांनी काढलेला घेरदार झगा, कमरेवर टेकवलेला हात, बोटांत धरलेला पंखा. गळ्याच्या वर मात्र नुसता पांढरा लखलखाट, पाण्यावर ऊन पडावं तसा. तिच्या शेजारच्या टोपीवाल्या पुरुषाचं तेच. त्याच्या पलीकडच्या दोघींचंही तेच. बंदरावर उभं राहून जहाजाची वाट बघणारी ती माणसं, खऱ्या माणसाएवढी उंच, एका उंच चौथऱ्यावर चढवलेली, आणि त्यांतल्या एकालाही तोंड नाही. खुर्चीतल्या धाकट्या बहिणीने डोळे मिटले, पुन्हा उघडले. औषधांनी मधूनमधून डोळ्यांपुढे असं चमकतं, असं डॉक्टर म्हणाले होते. पण औषधाचं चमकणं डोळ्यांबरोबर फिरतं. हे भिंतीवरून हलायला तयार नव्हतं.

"काय गं, बरं नाही वाटत का?" बहिणीने विचारलं.

"ताई, तुला त्या बाईचं तोंड दिसतंय?"

"दिसतंय की. जरा आखडूच दिसतेय. आपल्या धाकट्या काकूसारखी."

"आता खाली वाक. माझ्या डोक्याला डोकं लाव आणि बघ."

ताईचे गुडघे कुरकुरले. तिचा श्वास कानाशी आला, तिच्या केसांच्या तेलाचा ओळखीचा वास आला, आणि मग क्षणभर काहीच आलं नाही. "अगं बाई," ताई हळूच म्हणाली, "गेली कुठे ही?"

ती कुठेच गेली नव्हती. गुळगुळीत, काचेसारख्या झिलईच्या टाइल्स होत्या त्या. एकेक टाइल म्हणजे एक छोटा आरसा. छतावरचे दिवे त्या आरशांत पडत होते आणि उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या खालून निघून जात होते. बसलेल्या माणसाच्या मात्र थेट डोळ्यांत येत होते, आणि तेही नेमके चेहऱ्यांच्या रांगेतून. हे समजायला तिला कागद-पेन्सिल लागली नाही. संग्रहालयात प्रदर्शनांचे दिवे लावणं हेच तिचं काम होतं, आणि उमेदीची सगळी वर्षं तिने त्यातच घातली होती. लहानपणी गणिताचा पेपर हातात पडला की वडील म्हणायचे, काय दिवे लावलेत बघू. आणि पुढे तिने पोटापाण्यासाठी तेच केलं म्हणून घरात अजून हसत. चित्रावर किती उजेड टाकायचा, कापडावर किती कमी, दगडाला कुठल्या अंगाने जागं करायचं, हे ती हाताच्या सवयीने करायची. दिव्यांची मांडणी कागदावर उतरवताना ती भिंत काढायची, छत काढायची, दिवा काढायची, आणि मग सगळ्यात शेवटी एक आडवी रेघ. डोळ्यांची रेघ. बघणाऱ्याचे डोळे जमिनीपासून किती उंचावर असतील ते सांगणारी. त्या रेघेवरून ती प्रत्येक दिव्याचा कोन तपासायची, परावर्तन कुठे जाईल ते बघायची. ही रेघ ती कधी मोजून काढत नसे. पेन्सिल आपली आपणच तिथे जायची. उभ्या बाईच्या डोळ्यांपाशी. तिच्या स्वतःच्या डोळ्यांपाशी.

आणि या वेळी तर ती रेघ तिने इस्पितळात काढली होती. मागच्या प्रदर्शनाचे दिवे उतरवताना शिडीचा पाय सरकला होता आणि ती खाली आली होती. मांडीचं हाड, कंबरेचं हाड, आत घातलेल्या सळया. पुढे चालता येईल, डॉक्टर म्हणाले होते, काठीने, सावकाश. शिडी मात्र विसरायची. विसरायची, हा शब्द त्यांनी किती सहज वापरला होता, जणू शिडी ही कुठल्या तरी नातेवाइकाचा फोन नंबर होता. ती पाठीवर पडलेली होती, पोटावर लाकडी फळी, फळीवर या दालनाचा नकाशा, आणि छत सोडून तिला दुसरं काही दिसत नव्हतं. तरीसुद्धा हात गेला तो नेहमीच्याच उंचीवर. पडल्या पडल्या काढलेल्या नकाशातही डोळे उभेच होते. आता खुर्चीत बसून त्या बिनचेहऱ्याच्या माणसांकडे बघताना तिला स्वतःच्या त्या हाताचं इतकं नवल वाटलं की राग यायलाही थोडा वेळ लागला.

"ताई, मला जरा दुसऱ्या दालनांतून फिरव," ती म्हणाली. "इथे नको."

पोर्तुगालची शतकानुशतकांची कला या सहा-सात दालनांत मांडली होती आणि ती उलटीकडून, म्हणजे आजकडून मागे मागे जायला लागली. चौकोनांत चौकोन गुंतवून रंगवलेले मोठे कॅनव्हास, त्यांतून वाट काढता काढता डोळा हरवून जावा असे. मग समुद्रकिनाऱ्यावरचं दुपारचं ऊन, वाळूत ओढून ठेवलेल्या होड्या, पाठमोऱ्या कोळणी. मग चांदीची तबकं, हस्तिदंताची इवलीशी माता, जिचा चेहरा कुणा दूरच्या देशातल्या कारागिराने आपल्याच आईसारखा कोरला असावा. उद्या सकाळी उद्घाटन होतं. रंगकामवाले निघून गेले होते, पाट्या लागल्या होत्या, लादी पुसून झाली होती. ताई खुर्ची ढकलत होती आणि प्रत्येक चित्रावर आपलं मत देत होती, "हा घोडा आहे की गाढव?" "ही बाई आजारी दिसते." तिला ऐकू येत होतं आणि येत नव्हतं. तिच्या मनात साहेब बोलत होते.

साहेब, म्हणजे संग्रहालयाचे संचालक, इस्पितळात भेटायला आले होते. फळं आणली होती. खुर्चीच्या कडेवर टेकून ते म्हणाले होते, "मॅडम, हे प्रदर्शन तुमचंच. कागदावर करा, माणसं तुमच्या सांगण्याप्रमाणे लावतील. त्यानंतर मात्र दगदग नको. ऑफिसात तुमच्यासाठी एक टेबल बघतो, खिडकीजवळचं. दिव्यांचं काम बाहेरच्या एका कंपनीला द्यायचं ठरतंय." वाईट माणूस नव्हते ते. खरोखर काळजीने बोलले होते, आणि म्हणूनच तिला उत्तर देता आलं नव्हतं. राग असता तर भांडता आलं असतं. ती नुसती "हो सर" म्हणाली होती आणि ते गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली होती. खिडकीजवळचं टेबल. त्यावर हजेरीचे, सुट्ट्यांचे कागद. दालनात दिवे दुसरंच कुणी लावणार, आणि ही जेवायच्या सुट्टीत पाहुण्यासारखी बघायला येणार. तेव्हापासून या एका प्रदर्शनात तिने जीव ओतला होता. हे असं व्हायला हवं की टेबलाचा विषय कुणी काढणार नाही. आणि आता, आदल्या दिवशी दुपारी, तिनेच काढलेल्या रेघेने प्रदर्शनातल्या सगळ्यात मोठ्या कलाकृतीची मुंडकी उडवली होती.

मूग गिळून बसता आलं असतं. हे कुणाला कळणार होतं? साहेब उभे राहून बघणार. उद्घाटनाचे पाहुणे उभे राहून बघणार. वर्तमानपत्रवाले तर कॅमेरा डोक्यावर धरून फोटो काढतात. उभ्या जगात तिची मांडणी बिनचूक होती. आणि बोलली तर? "मॅडम आता थकल्या" हे वाक्य कुणी म्हणणार नाही, पण सगळ्यांच्या चेहऱ्यावर ते उमटेल. शिडीवरून पडल्या, आता नकाशातही चुका व्हायला लागल्या. खिडकीजवळच्या टेबलाची धूळ पुसायला माणूस पाठवला जाईल. मग तिला आठवायला लागली आजवर लावलेली प्रदर्शनं, एकामागून एक, चकचकीत वार्निशाची चित्रं, काचेची कपाटं, आणि त्यांच्यासमोरून कुणी तरी ढकलत नेलेल्या खुर्च्या. त्या खुर्च्यांतली माणसं गप्प असायची. तिला वाटायचं, तन्मय झालीत.

"थांब," ती म्हणाली. "ताई, इथे थांब."

ते सगळ्यात जुन्या चित्रांचं दालन होतं. लाकडी फळ्यांवर रंगवलेले संत, मागे सोनेरी वर्ख, देवळातल्या वेदीवरून काढून आणलेले. मधल्या फळीवर तपकिरी झग्यातला एक म्हातारा साधू होता, हातात पोथी, मान किंचित झुकलेली. या चित्राचा फोटो तिने महिनोन्महिने बघितला होता. त्या साधूच्या नजरेबद्दल तिला नेहमी वाटायचं की चित्रकाराचा हात जरा चुकला. माणूस बघतोय कुठे? समोर नाही, पोथीत नाही. पायाजवळच्या फरशीवर काही सांडलंय आणि ते बघतोय असं वाटायचं. आता तो तिच्याकडे बघत होता. सरळ तिच्याकडे. थकलेली, ओली, ओळखीची नजर, काही मागत नसलेली. तिने मान जरा वर केली, नजर सुटली. पुन्हा खाली आणली, पुन्हा तो बघायला लागला. आणि मग तिला जे कळलं ते इतकं साधं होतं की तिला हसू फुटलं, डोळ्यांत पाणी असताना. हे चित्र ज्यांच्यासाठी केलं होतं ती माणसं त्याच्यासमोर उभी राहत नव्हती. ती गुडघे टेकत. चित्रकाराने आपली रेघ खाली ओढली होती, टेकलेल्या माणसाच्या डोळ्यांपाशी, आणि साधूला तिथे बघायला लावलं होतं. शेकडो वर्षं उभी माणसं त्याच्यासमोरून गेली, तो कुणाकडेच बघत नव्हता. तो वाट बघत होता, कुणी तरी खाली येईल याची. तिने हात जोडले. तिचा देव निराळा होता, पण त्या क्षणी देवाचं नाव काय हा प्रश्नच नव्हता. कुणी तरी तिच्या उंचीला येऊन तिच्याशी बोललं होतं, एवढंच.

"रडतेस काय धाकटे?" ताई समोर आली.

"रडत नाहीये. खारीला हाक मार. आणि साहेबांना फोन लाव."

खार म्हणजे शिडीवरचा माणूस. दिवे चढवणारा, उतरवणारा, निवृत्तीला आलेला, टक्कल पडलेला, पण शिडीवर असा सरसर जायचा की सगळं संग्रहालय त्याला खारच म्हणायचं. तिच्याबरोबर त्याचंही आयुष्य छताखाली गेलं होतं. ती पडली तेव्हा शिडीचा पाय धरायला आपण का नव्हतो, यावरून तो अजून स्वतःवर धुसफुसत असे. तो आला, तिने भिंत दाखवली, तो खुर्चीशेजारी उकिडवा बसला आणि बघत राहिला.

"मायला," तो म्हणाला, मग ताईकडे बघून जीभ चावली. "बाई, हे सगळं मी लावलंय. एकदाबी खाली बसून बघितलं नाही."

"मीही नाही. बसायला वेळ कुठे होता आपल्याला?"

साहेब आले ते उद्याच्याच सुटात होते. बसतोय का बघायला घातला होता म्हणे. त्यांच्याबरोबर पाठराखीण होती. पोर्तुगालच्या ज्या संग्रहालयाच्या या टाइल्स, त्यांनी आपली एक बाई सोबत धाडली होती, वस्तूंना कुणी वेडावाकडा हात लावू नये म्हणून. लग्नात नवरीबरोबर जाते तशी ती पेट्यांबरोबर आली, म्हणून खारीने पहिल्याच दिवशी तिचं नाव पाठराखीण ठेवलं, आणि तेच पडलं. पिकल्या केसांची, कमी बोलणारी, गळ्यात चष्मा लोंबत असलेली. ती आली आणि हाताची घडी घालून मागे उभी राहिली.

"सर, खाली बसा जरा," खुर्चीतून ती म्हणाली.

"कुठे?"

"त्या पेटीवर."

साहेबांनी पेटीकडे बघितलं, सुटाकडे बघितलं. ताईने न सांगता आपला रुमाल काढून पेटीवर अंथरला. मग काही इलाज नव्हता. ते बसले, आणि चेहऱ्यांची रांग नाहीशी होताना तिने त्यांच्या डोळ्यांत बघितली. ते उठले, पुन्हा बसले. लहान मुलाला नवं खेळणं मिळावं तसं दोनदा-तीनदा केलं.

"ही माझी चूक आहे," ती म्हणाली. आवाज कापला नाही याचं तिलाच नवल वाटलं. "मी डोळे उभे धरले. मला आज ही भिंत पुन्हा लावायची आहे."

"मॅडम, उद्या सकाळी पाहुणे. आज भिंतीला हात लावायचा?"

"भिंतीला नाही. दिव्यांना."

"पण उद्या खुर्चीवरून येणारे असे किती जण असतील?"

"एक तर आलीच आहे," ताई म्हणाली.

साहेबांनी पुन्हा भिंतीकडे बघितलं. त्यांना तो टोला लागला की पटला, कळलं नाही. "बिघडलं तर?" ते शेवटी म्हणाले. "आहे ते निदान उभ्या माणसाला दिसतंय. उद्या ते आणि हे, दोन्ही गेलं तर?"

"तर मी टेबलावर जाऊन बसेन," ती म्हणाली. "स्वतःहून."

पाठराखिणीला सगळं समजावून सांगावं लागलं. दिव्यांनी टाइलचं काही बिघडत नाही, ते तिला ठाऊक होतंच; तिने फक्त पलीकडच्या दालनाकडे बोट केलं. तिथे, उजव्या हाताच्या रुंद दारापलीकडे, रेशमी भरतकामाची एक जुनी चादर पसरून ठेवली होती, आणि रेशमाला उजेड म्हणजे विष. त्या चादरीवर आहे त्याहून एक कणही जास्त पडता कामा नये. एवढं सांगून ती पुन्हा घडी घालून उभी राहिली.

वरचे दिवे सगळे विझवायला लावले. दालन काळोखात गेलं आणि निळी भिंत त्यात बुडाली. वरून नाही, मग कुठून? डावीकडच्या कोपऱ्यात एक खांब भिंतीबाहेर आलेला होता. त्याच्या आड दिवे लपवले, एकाखाली एक, आणि ते भिंतीला जवळजवळ घासून सोडले, तर परावर्तन भिंतीच्या कडेकडेने उजवीकडे निघून जाईल, कुणाच्याच डोळ्यांत येणार नाही, उभ्या नाही, बसलेल्या नाही. पण असा अंगाला घासून जाणारा उजेड सगळं उघडं पाडतो. हाताने केलेल्या टाइल्स, एकीचं तोंड जरा वर, दुसरीचं जरा खाली, प्रत्येकीची उंचसखल. तिला शिकवणाऱ्या माणसाने बजावलं होतं, चकचकीत वस्तूला कधी कडेने उजेड देऊ नकोस, तिच्या सगळ्या खोडी दिसतात. शिवाय तो उजेड भिंत संपली की थांबणार थोडाच. सरळ दारातून रेशमावर जाणार. दिव्यांच्या तोंडाला काळ्या झडपा लावून त्याला अडवावं लागणार, आणि अडवायचं तर भिंतीच्या टोकाच्या आधीच. म्हणजे उजवं टोक, जिथे जहाज आहे, ते अंधुकच राहणार. दुसरं कुणी असतं तर तिनेच त्याला सांगितलं असतं, बाबा रे, सोडून दे.

"चढ," ती खारीला म्हणाली.

शिडी उघडली. शिडीच्या त्या खडखड आवाजाने तिच्या कमरेतल्या सळया थंडगार झाल्या. तिने खुर्चीचे हात धरले. खार वर जात होता आणि तिचे तळवे आपोआप लोखंडी पायऱ्या मोजल्यासारखे आवळत होते, आता इथे उजवा पाय, आता इथे मांडी टेकवायची, आता हात मोकळा. तिचं शरीर अजून वर होतं. ते खाली यायला तयार नव्हतं. आणि याच क्षणाची तिला इतके महिने भीती वाटत होती, हे तिला आत्ता कळलं. टेबलाची नाही, साहेबांची नाही, या एका क्षणाची, जेव्हा दुसरं कुणी तरी चढेल आणि ती खाली राहील.

"बाई, किती वळवू?" वरून आवाज आला.

तिने बघितलं. वर असताना तिला नेहमी खाली ओरडून विचारावं लागायचं, दिसतंय का रे नीट, आणि खालचा कुणी तरी "हो हो" म्हणायचा, आणि ती त्याच्या हो-वर विश्वास ठेवून काम पुढे न्यायची. सगळं आयुष्य तिने दुसऱ्याच्या डोळ्यांनी आपलं काम तपासलं होतं. आता तिचे डोळे तिथे होते जिथे ते असायला हवे होते.

"थोडा भिंतीकडे. अजून. हां, नको, फार झालं. परत ये. ताई, मला मागे घे. आता डावीकडे. थांब. खालचा दिवा जरा मंद कर."

ताई खुर्ची फिरवत होती, खार झडपा पिळत होता, साहेबांनी कोट काढून पेटीवर टाकला आणि त्यांनाच कळेना की आपण शिडीचा पाय कधी धरला. पाठराखीण रेशमापाशी प्रकाशमापक घेऊन उभी होती आणि दर वेळी नुसती मान हलवत होती. नाही. नाही. अजून नाही. झडप केसभर आत आली. पुन्हा केसभर. मग तिची मान थांबली, आणि तिने हात वर केला.

"सगळ्यांनी बाजूला व्हा," खुर्चीतली बाई म्हणाली, आणि मग तिने पहिल्यांदा भिंतीकडे एक अख्खी वस्तू म्हणून बघितलं.

चेहरे आले होते. सगळे. पंखेवाली आखडू बाई आखडू नव्हतीच, ती रडू दाबत होती. वरच्या दिव्यांनी तिच्या ओठांचा तो बारीक मुडपलेला कोपरा पुसून टाकला होता. टोपीवाला जांभई देत होता. खाली, चौथऱ्यापाशी, एक म्हातारी स्टुलावर बसून फाटलेलं शीड शिवत होती, आणि तिची सुई वर उचललेली होती. आणि ज्या खोडींना ती भीत होती त्या खोडी खरोखरच उघड्या पडल्या होत्या, एकूण एक. पण त्या माणसांमागे पसरलेल्या समुद्रात. उंचसखल टाइल्सनी कडेचा उजेड धरला होता आणि सोडला होता, एकीने धरला, शेजारणीने सोडला, आणि समुद्र हलत होता. कुणा कारागिराच्या हातून कधी काळी वाकडी बसलेली प्रत्येक टाइल म्हणजे एक लाट होती. ताईने खुर्ची जराशी पुढे घेतली, तर सगळं पाणी चमचमत एका बाजूला सरकलं. उजवीकडे उजेड विरत गेला होता, आणि तिथे, अंधारातून निघून, शिडं अर्धी उतरवलेलं जहाज येत होतं. अंधुकपणामुळे ते गेलं नव्हतं. अंधुकपणामुळे ते येत होतं.

शिडीच्या टोकावर खारीने नुसतं नाक ओढलं. मग पाठराखीण सावकाश चालत आली, खुर्चीशेजारी उभी राहिली, आणि गुडघ्यांवर हात ठेवून, एकेक करत, सरळ जमिनीवर बसली. बराच वेळ बघत बसली. तिच्या तुटक तुटक बोलण्यातून जे समजलं ते असं, की हे ज्या वाड्याच्या जिन्यात होतं तिथे ती लहानपणी जायची. तिथे कडेला एकच खिडकी होती. ओल लागली म्हणून टाइल्स काढल्या, तेव्हापासून किती तरी भिंतींवर त्या लागल्या, छान लागल्या, चांगल्या दिसल्या. "पण पाणी," ती म्हणाली, आणि हाताने लाट दाखवली, "पाणी आज. जिन्यानंतर, आज." आणि तिने खुर्चीतल्या बाईचा हात आपल्या गालाला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाषणं झाली, फीत कापली, टाळ्या झाल्या. साहेबांच्या हातात लिहिलेलं भाषण होतं, ते त्यांनी निम्म्यावर खिशात घातलं. "एक विनंती आहे," ते म्हणाले. "निळ्या भिंतीपाशी गेलात की खाली बसून बघा. मी बसलो होतो. सुटासकट." लोक हसले. मग बराच वेळ ती ताईबरोबर गर्दीच्या मागेच राहिली. येणारे जाणारे कमरेपुरतेच दिसत होते, पर्सा, बटणं, हातातले कप. साहेब वाट काढत तिच्यापर्यंत आले. त्यांचा चेहरा फुलला होता आणि जरा ओशाळलेलाही होता.

"मॅडम, ते टेबलाचं मी जे म्हणालो होतो..."

"ते दुसऱ्या कुणाला द्या, सर. खिडकीजवळचं आहे, कुणीही घेईल." तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, ताईला वाकून ऐकावं लागलं. "मी दालनात बसणार. पुढचं प्रदर्शनही मीच लावणार आणि त्यापुढचंही. बाहेरच्या कंपनीला तसं कळवून टाका."

साहेबांनी छताकडे बघितलं. "आणि वर कोण चढणार?"

"वर मी हाय की," मागून खार म्हणाला. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि त्यात तो कुणा दुसऱ्याच्या लग्नाला आल्यासारखा दिसत होता. "माझ्यानंतर कुणी तरी येईलच. चढणारे पुष्कळ मिळतात, साहेब."

साहेब हसले. "कळवतो," ते म्हणाले. "आजच कळवतो."

"चला," ताईने दांड्यांना हात घातला, "आता मलाही जरा बघू दे तुझा समुद्र."

"सोड, ताई. मी जाते."

तिने चाकांवर हात ठेवले. चाकं स्वतः फिरवा म्हणून फिजिओथेरपीवाली रोज कानीकपाळी ओरडायची आणि तिने आजवर ते मनावर घेतलं नव्हतं. चाकं जड होती, मग नव्हती. गर्दी फाकली. ती भिंतीच्या कडेने निघाली, उजेड पाठीशी घेऊन, आणि तिच्याबरोबर पाणी निघालं. एकेक टाइल पेटत, विझत, पुढचीला हाती देत, आणि वर एकही चेहरा जागचा हलला नाही, एकही पांढरा झाला नाही. रडू दाबणारी बाई मागे पडली, जांभईवाला मागे पडला. तिचे दंड भरून आले, छातीत धाप लागली, आणि ती धाप तिला गाण्यासारखी वाटली. उजव्या टोकाला उजेड विरायला लागला, तिथे जहाजासमोर पाच-पंचवीस माणसं आधीच जमली होती. चांगल्या कपड्यांतली, पॉलिश केलेल्या बुटांतली, परस्परांना न ओळखणारी माणसं, कुणी उकिडवी, कुणी मांडी घालून, कुणी पायातले बूट काढून शेजारी ठेवून. सगळी जमिनीवर बसलेली, वर बघत, तोंडं उघडी. एका बाईने चाकाचा आवाज ऐकून मागे बघितलं. मग तिने शेजाऱ्याला कोपराने ढोसलं, आणि ती सगळी रांग, नजर जहाजावरून न काढता, थोडी थोडी सरकली आणि त्यांनी खुर्चीला मधोमध जागा करून दिली.